डेरीचा मोर्चा पोपसाठी निघाला नव्हता

माझी भाची सप्टेंबरमध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला शिकायला चालली आहे. व्हिसा हातात पडला त्याच रात्री ताईला एक फॉरवर्ड आला आणि तिने तो रडवेल्या आवाजात मला फोनवर वाचून दाखवला. मजकूर थोडक्यात असा: उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चारशे वर्षं धर्मावरून एकमेकांना मारताहेत; १९७२ साली तिथल्या डेरी शहरात हत्यारबंद कॅथलिक जमावाने हल्ला केला म्हणून ब्रिटिश लष्कराला स्वसंरक्षणासाठी गोळ्या चालवाव्या लागल्या; शेवटी मधे भिंती बांधल्या तेव्हा कुठे शांतता आली. आमच्या मावशीने हे दोन ग्रुपवर पुढे ढकललंसुद्धा.

चारशे वर्षांच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. सतराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमधून प्रोटेस्टंट आणून तिथे वसवले, जमिनी गेल्या त्या आयरिश कॅथलिकांच्या. शाळा आजही बहुतेक वेगवेगळ्या. पण भांडण बायबलच्या अर्थावरून नव्हतं. १९२१च्या आयर्लंडच्या फाळणीनंतर उत्तरेकडच्या सहा काउंट्या, म्हणजे जिल्हे, ब्रिटनकडे राहिल्या. बहुतेक प्रोटेस्टंटांना ते हवं होतं, बहुतेक कॅथलिकांना नको होतं. १९६८ साली लोक रस्त्यावर आले ते घर, नोकरी आणि मतासाठी. स्थानिक निवडणुकीत आईबापांच्या घरी राहणाऱ्या मुलाला किंवा पोटभाडेकरूला मतच नव्हतं, म्हणजे नगरपालिकेचं घर कुणाला मिळतं यावर मत ठरायचं. डेरीत कॅथलिक बहुसंख्य, तरी वॉर्डच असे आखलेले की सत्ता युनियनिस्टांकडेच, म्हणजे ब्रिटनसोबत राहायचं म्हणणाऱ्यांकडेच, राहायची.

आता डेरीची गोळीबाराची गोष्ट. ही वाचून माझं डोकं फिरलं. ३० जानेवारी १९७२चा मोर्चा होता खटला न चालवता लोकांना डांबून ठेवण्याविरुद्ध. त्याच्या पुढाऱ्यांपैकी आयव्हन कूपर हे आमदार स्वतः प्रोटेस्टंट होते! पॅराशूट रेजिमेंटच्या गोळ्यांनी त्या दिवशी तेरा माणसं मेली, चौदावा पुढे काही महिन्यांनी गेला. तेरांपैकी सहा जण सतरा वर्षांचे. घाईघाईने झालेल्या पहिल्या चौकशीने सैनिकांना जवळपास निर्दोष ठरवलं, आणि फॉरवर्डमधली गोष्ट तिथलीच आहे. त्यानंतर न्यायाधीश लॉर्ड सॅव्हिल यांची चौकशी बारा वर्षं चालली. जून २०१०च्या अहवालाने स्पष्ट म्हटलं की मेलेल्या-जखमी झालेल्यांपैकी एकाकडूनही सैनिकांच्या जिवाला धोका नव्हता, पळणाऱ्यांवर आणि जखमींना मदत करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि अनेक सैनिकांनी खोट्या साक्षी दिल्या. पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत माफी मागितली. ब्रिटनच्या सरकारने कबूल केलेलं आपण नाकारायचं?

त्याच अहवालात हेही आहे की काही रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटनपासून सुटून एकसंध आयर्लंड मागणाऱ्या, बंदूकधाऱ्यांनी त्या दिवशी गोळ्या झाडल्या, आणि मेलेल्या एका मुलाच्या खिशात बहुधा खिळ्यांचे बाँब होते. ते मी लपवत नाही. पण त्याला गोळी लागली तेव्हा तो बाँब फेकत नव्हता, पळत होता. आणि आयआरए ही रिपब्लिकनांची सशस्त्र संघटना धुतल्या तांदळासारखी होती असंही मी म्हणत नाही. साडेतीन हजारांवर माणसं गेली त्या संघर्षाच्या काळात, त्यात सर्वांत जास्त बळी रिपब्लिकन गटांनी घेतले. १९८७ साली एनिस्किलनला युद्धस्मारकापाशी जमलेल्या साध्या माणसांत आयआरएचा बाँब फुटला. म्हणून डेरीची पोरं गुन्हेगार ठरत नाहीत.

भिंतींचं तर साल बघितलं तरी पुरे. पहिल्या भिंती १९६९च्या, आणि सर्वांत जास्त माणसं मेली ती १९७२ साली. हिंसा ओसरली ती १० एप्रिल १९९८च्या शांतता करारामुळे आणि त्याला जनमतात होकार देणाऱ्या ७१ टक्के लोकांमुळे.

ताईला काळजी करायचीच असेल तर वेगळ्या गोष्टीची करावी. ऑगस्ट २०२४मध्ये बेलफास्टला स्थलांतरितांची दुकानं जाळली गेली. भाचीशी मी त्याबद्दल बोललो आहे, खोली कुठल्या भागात घ्यायची हेही आम्ही त्या हिशेबाने बघतो आहोत. फॉरवर्डमध्ये त्यावर एक अक्षर नाही.

मावशी, तो मेसेज दोन्ही ग्रुपवरून काढ, आणि ज्यांनी वाचला त्यांना हे पाठव.