छत्तीस गाठींचा कंदील

दिवाळीला पंधरा दिवस राहिले की घरातलं कुणीतरी म्हणतं, "यंदा कंदील घरीच करू या." म्हणणारा तेवढ्यावर मोकळा होतो. काम पडतं ते घरात पक्कड कुठे आहे हे ज्याला ठाऊक असतं त्याच्या गळ्यात. पुढचं सगळं मी अशा पक्कडवाल्यांच्या वतीनं लिहिते आहे.

आधी आकाराचं ठरवून टाकू. चांदणीच्या नादी लागू नये. तिच्या टोकांपर्यंत उजेड पोचत नाही आणि फाटायची वेळ आली की टोकंच आधी फाटतात. आपला जुना, सहा चौकोनांचा कंदील बरा. सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधले की मधल्या फटींत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. चोवीस कामट्या, सगळ्या एका मापाच्या. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की माणूस तिथेच फसतो.

कारण गाठी कुणी मोजत नाही. एका चौकोनाला चार, म्हणजे सहा चौकोनांच्या २४. मग चौकोन एकमेकांना जोडायच्या १२. एकूण ३६. कंदिलाचा आणि आपला छत्तीसचा आकडा असतो तो असा, अगदी मोजून.

खरेदीसाठी पुण्यात असाल तर या कामाची पंढरी म्हणजे रविवार पेठेतली बोहरी आळी. दिवाळीच्या तोंडावर तिथे चालता येत नाही, गर्दीच आपल्याला पुढे नेते, आणि तरीही वर्षातून एकदा तिथे गेल्याशिवाय चैन पडत नाही. लेस, गोंडे, टिकल्या, बेगड, मणी, कागदाचे रीळ, सगळं दाराबाहेर लटकलेलं. यादी चार ओळींची असते: कामट्या, दोरा, कागद, होल्डर. घरी येतात एकोणीस वस्तू, आणि त्यांत होल्डर नसतो.

याचं कारण त्या आळीचा घाऊक बाणा. "काका, चार गोंडे द्या ना." काका वर न बघता सांगतात, "पाकीट फोडत नाही." गोंड्यांचं पाकीट डझनाचं, टिकल्यांचं ग्रोसचं, म्हणजे १४४. चार गोंडे कंदिलाच्या खालच्या चार कोपऱ्यांना लागले, आठ उरले. आठ गोंडे वाया कसे घालवायचे, म्हणून दाराला तोरण करायचं ठरतं. तोरणाला मणी लागतात. मण्यांना बारीक सुई लागते. सुई डझनानं मिळते. त्याच आळीत डोक्यावर तयार कंदील लटकत असतात, घडीचे, उघडले की दोन मिनिटांत उभे राहणारे. त्यांच्याकडे मान वर करून बघायचं नाही. बघितलं की भाव विचारावासा वाटतो, आणि तो आपल्या हातातल्या पिशवीपेक्षा कमी निघतो.

कागद मात्र तिथे नीट निवडावा. दुकानातल्या ट्यूबखाली सगळेच रंग झकास दिसतात. कागद उजेडासमोर धरून बघा, आणि एकपदरी बघा. घडीतला कागद गडद वाटतो. जिलेटीन दिसायला चकचकीत, पण आरपार असल्यामुळे आत कंदील नसून बल्ब टांगलाय असं वाटतं. शिवाय ते खळीतलं पाणी शोषत नाही, म्हणून चिकटता चिकटत नाही. जाड घोटीव कागद अंधार करतो. पतंगाचा कागद हलका, उजेड पसरवणारा आणि ताणून बसणारा. त्याचा दोष एकच: ओल लागली की रंग सोडतो, आणि तो रंग ज्या बोटांना लागतो त्याच बोटांनी आपण पुढचा पांढरा कागद उचलतो.

कामट्यांसाठी बुरूड आळी. "कंदिलाला हव्यात" एवढं सांगितलं तरी पुरतं. जाडी मिलिमीटरमध्ये सांगायला गेलात तर समोरचा करुणेनं बघतो. तरी आपल्याला माहीत असावं: पाच-सहा मिमी रुंद, तीन मिमी जाड, बांबूच्या पाठीकडची. आतल्या गराची कामटी मऊ असते आणि गाठीखाली चेपते. पेर बरोबर टोकावर आलं असेल तर ती बाजूला ठेवा, नेमकी तिथेच गाठ सरकते. ओली कामटी घेऊ नका. वाळताना ती बारीक होते आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळ्या गाठी सैल पडतात. चोवीस लागतात म्हणून चोवीसच आणायच्या नाहीत. तीस आणा, सहा मोडतात. एखादी मोडली नाही तर तिच्यावर घरातलं कुणीतरी बसतं.

वाटेत मंडई लागते. १८८६ सालची ती दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि आठ दिशांना आठ हात. त्या काळच्या लोकांना दगडात आठ बाजू जमल्या. आपल्याला कामटीत चार जमत नाहीत, हा विचार तिथे हमखास मनात येतो आणि पिशवी उगाच जड वाटायला लागते.

आता कापणी. चौकोनाची बाजू २० सेंमी धरायची असेल तर कामटी २२ सेंमीची कापा. दोन्ही टोकांना एकेक सेंमी गाठीसाठी. पेन्सिलीनं खूण करा आणि गाठ बरोबर खुणेवर मारा. इथे एक चूक सगळे करतात. पहिली कामटी मापून कापतात, दुसरी पहिलीला लावून, तिसरी दुसरीला लावून. पेन्सिलीच्या रेघेची जाडी अर्धा मिमी धरली तरी चोविसावी कामटी पहिलीपेक्षा सव्वा सेंमीच्या आसपास लांब निघते. घराणं तेच, पण शेवटच्या पिढीत उंची वाढलेली. प्रत्येक कामटी पहिलीलाच लावून कापायची, आणि त्या पहिलीवर लाल खूण करून ठेवायची, नाहीतर तीच सर्वांत आधी चौकोनात जाते.

दोरा गोधडीचा घ्या. सुतळी जाड असते, गाठीचा गोळा होतो आणि त्यावर कागद फुगतो. नायलॉनचा दोरा घट्ट ओढला तरी हळूच सुटतो. आडवे तीन वेढे, उभे तीन वेढे, मग दोन कामट्यांच्या मधून दोन वेढे आवळून, आणि शेवटी गाठ. हे मधले दोन वेढेच सगळी पकड देतात आणि घाईत तेच गाळले जातात. गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब टाका आणि रात्रभर हात लावू नका.

सहा चौकोन झाले की खालचा जमिनीवर ठेवायचा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन टोकावर उभे करायचे, पतंग धरतो तसे. शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधायचे आणि वरच्या चार टोकांवर सहावा चौकोन ठेवायचा. या कामाला चार हात लागतात. घरात असतात आठ, पण त्यातले सहा "आम्ही बघतो ना, कुठे वाकडं होतंय ते" या कामात गुंतलेले असतात.

आणि मग, छत्तिसावी गाठ बसल्यावर, कंदील उचलला की तो हातात मिटतो. एका बाजूला वळतो, बसकण मारतो. माणूस इथे हाय खातो. पण दोष हाताचा नाही. त्रिकोण मोडल्याशिवाय वाकत नाही. चौकोन मात्र न मोडता शंकरपाळा होतो. या आकाराचा काड्यांचा सांगाडा वळत वळत मिटतो हे बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी रचनाकारानं १९४८ मध्ये दाखवलं आणि त्या हालचालीला चक्क एका नाचाचं नाव दिलं, जिटरबग. आपल्या दिवाणखान्यात तो नाच दरवर्षी होतो, फक्त टाळ्या कुणी वाजवत नाही.

उपाय साधा आहे. सहा चौकोनांना एकेक कर्ण दिला की चोवीस अधिक सहा अशा तीस काड्यांचा सांगाडा ताठ उभा राहतो. २० सेंमीच्या चौकोनाचा कर्ण २८ सेंमी ३ मिमी. कर्ण आधी बांधला तर चौकोन खरोखरच काटकोनी आहे का तेही कळतं, म्हणून मी तर म्हणते चौकोन सुटा असतानाच बांधा. वरच्या आणि खालच्या चौकोनाला कामटीचा कर्ण द्या. वरच्याला होल्डर बांधता येतो. बाजूच्या चार चौकोनांना कामटी दिली तर उजेडात काळी रेघ दिसते. तिथे दोऱ्याची फुली घाला. दोरा फक्त ओढतो, ढकलत नाही, म्हणून एका रेघेनं भागत नाही, दोन्ही कर्ण लागतात.

खळ करणं हे स्वयंपाकातलं काम आहे या समजुतीनं ते स्वयंपाकाला नको असलेल्या माणसाकडे जातं. एक वाटी थंड पाण्यात दोन मोठे चमचे मैदा आधी पूर्ण कालवा, गुठळी मोडा, मगच मंद आंचेवर ठेवून हलवत राहा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की झाली. गरम पाण्यात मैदा टाकणाऱ्यांची खळ होत नाही, मोमो होतात. खळ गार होऊ द्या. गरम खळीनं पतंगाचा कागद जागीच विरघळल्यासारखा फाटतो. कीड लागू नये म्हणून पूर्वी चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी आहे. घालायचं असेल तर भांडं कायमचं वेगळं ठेवा आणि लहान मुलांना त्या खळीत बोटं बुडवू देऊ नका. मला विचाराल तर न घालता दोन दिवसांत खळ संपवलेली बरी.

कागद कापताना चौकोन २३ सेंमीचा घ्या, चारी बाजूंना दीड सेंमी दुमडपट्टी राहते. कोपरे तिरके छाटा, नाहीतर गाठीपाशी चार पदर जमून फोड येतो. आधी आठ त्रिकोण, नंतर बाजूचे चार चौकोन. म्हणजे चौकोनाची पट्टी त्रिकोणाची पट्टी झाकते. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच. एक बाजू लावली की लगेच तिच्या समोरची लावा. कागद वाळताना आखडतो आणि सांगाड्याला ओढतो. एका अंगाचे सगळे कागद एका दमात लावले तर कंदील त्या अंगाला मान टाकतो. कुठे सुरकुती राहिली तर पूर्ण वाळल्यावर दुरून पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, वाळता वाळता कागद ढोलकीसारखा ताणला जातो. जवळून मारला तर मघाशी सांगितलेला रंग सुटण्याचा प्रकार होतो.

झिरमिळ्यांबद्दल थोडक्यात. कागदाची घडी घालून ४५ सेंमी लांब, एक सेंमी रुंद पट्ट्या कापा, वरचे तीन सेंमी न कापता ठेवा. चारी बाजूंना सारख्याच लावा. शेवटी कागद कमी पडतो आणि चौथ्या बाजूला तोकड्या लागतात, मग कंदील वाऱ्यात त्या बाजूनं वर उचलला जातो. उरलेल्या आठ गोंड्यांना इथे संधी आहे.

दिव्याचं सामान तापकीर गल्लीत मिळतं. जुना साठ वॅटचा बल्ब कागदाच्या कंदिलात नकोच, तो काचेपाशी फार तापतो. पाच वॅटचा एलईडी पुष्कळ झाला. तो पांढरा घेऊ नका, पिवळसर घ्या. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं. ६५०० लिहिलेल्या पांढऱ्या उजेडात तांबडं कमी असतं, त्यामुळे हौसेनं आणलेला लाल कागद विटकरी दिसतो आणि दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली जातात. बल्ब बरोबर मधोमध लोंबला तर बाजूच्या कागदापासून १४ सेंमी लांब राहतो. होल्डर कर्णाला बांधताना वायर एकदा कामटीभोवती फिरवून घ्या, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. वायरीचे दोन जोड एकमेकांसमोर नकोत, मागेपुढे करून वेगवेगळी टेप गुंडाळा.

टांगताना वायरीला कंदील लटकवण्याचा मोह होतो, कारण ती आधीच वर गेलेली असते. नको. वरच्या चार कोपऱ्यांना सारख्या लांबीचे चार दोरे बांधून एका कडीत घ्या आणि वायर सैल सोडा. गॅलरीत जागा बघताना लक्षात असू द्या की हा कंदील २८ सेंमी उंच असला तरी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४० सेंमी भरतो, म्हणजे भिंतीपासून कडी निदान वीतभर तरी पुढे हवी. वसुबारसेच्या संध्याकाळी तो लागतो. सगळे खाली उतरून रस्त्यावरून बघतात. "थोडा डावीकडे कललाय का?" हा प्रश्न विचारणारा तोच असतो, पंधरा दिवसांपूर्वीचा.

परतीचा पाऊस आला तर कंदील आत घ्यावा, त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालू नये. आत वाफ धरते आणि खळ सुटते. त्रिपुरी पौर्णिमा झाली की ओल्या फडक्यानं कागद सोडवून सांगाडा माळ्यावर ठेवा. खळीचे कण खरवडून काढा, झुरळांना ती आवडते. वरच्या चौकोनाला लाल दोरा बांधा, म्हणजे पुढच्या वर्षी वर-खाली कळेल. होल्डर सांगाड्याबरोबरच ठेवा. पक्कड मात्र या वेळी दुसऱ्या कुणालातरी ठेवायला द्यावी.