दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?

लिव्हरपूलला येऊन मला अकरा वर्षं झाली, पण पावसाळा लागला की जीव अजून नाशिकला, गोदावरीच्या रामकुंडाभोवतीच घुटमळतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरवाले छापतात. आमच्या घरात एवढंच विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे नदीतल्या त्या उंच मूर्तीच्या, कुठवर आलंय? गुडघा, कंबर, छाती. गळ्याला लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातली दुकानं रिकामी करायला घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी जुलैत झोपायच्या वेळेला मला एक व्हिडिओ आला. मारुती पार बुडालेला, गढूळ पाण्याचा लोंढा, मागे कुणीतरी ओरडतंय. मी तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला, वर 'काळजी घ्या रे' असं लिहून. तेव्हा भारतात पहाट होती. काकांचा दहावा रामकुंडावर होता आणि चुलतभाऊ अस्थी घेऊन पुण्याहून निघालेला. तो सिन्नरला गाडी उभी करून बसला. गुरुजींचा फोन लागेना, बायका रडायला लागल्या. मग भांडी बाजारातल्या मामेभावाचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, नीट बघ की जरा. डावीकडं माझंच दुकान आहे. निळं शटर. ते एकोणीसच्या पुरात वाकलं म्हणून बदललं ना मी? आत्ता इथं मारुतीचे पायसुद्धा भिजले नाहीत."

त्या दुकानाच्या पायरीवर मी उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्यात. तरी शटर ओळखलं नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण सुट्टीत नाशिकला आलो की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपले लोक अडाणी रे, तुमच्याकडे असलं चालत नसेल." चालतं की. २९ जुलै २०२४ ला आमच्यापासून लोकलने पाऊण तासावरच्या साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात चाकूहल्ला झाला, तीन लहान मुली गेल्या. काही तासांत हल्लेखोराचं एक मुस्लिम वाटेल असं नाव फिरायला लागलं, बोटीतून आलेला निर्वासित म्हणे. दोन्ही खोटं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या मशिदीवर जमाव चालून गेला. त्यातले बरेचसे बाहेरगावचे होते, असं पोलिसांनी सांगितलं. गावातली माणसं सकाळी झाडू आणि विटा घेऊन आली आणि मशिदीची पाडलेली भिंत त्यांनी परत उभी केली.

मला त्याहून जास्त खटकतं ते पुढचं. १ ऑगस्टला न्यायाधीशांनी आरोपीचं नाव जाहीर करायला परवानगी दिली. तो अठराला काही दिवस कमी असलेला, एरवी नाव झाकलंच असतं. जन्म वेल्समधल्या कार्डिफचा. म्हणजे खरं काय ते सगळ्यांसमोर आलं होतं. तरी ३ तारखेच्या रात्री आमच्या वॉल्टन भागातलं वाचनालय पेटवलं. त्या आठवड्यात नाशिकला आईला 'लिव्हरपूल जळतंय' असे व्हिडिओ येत होते. ती रात्रभर जागी, आणि मी इथे कोपऱ्यावरून ब्रेड घेऊन येत होतो. माझ्याच फॉरवर्डची परतफेड म्हणायची.

आपल्याकडे वाद चालतो तो खरं-खोटं कुणी ठरवायचं याचा. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून ते काम सरकारी फॅक्ट चेक युनिटकडे द्यायचं ठरवलं आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. बरं झालं, असं मला वाटतं. सरकारबद्दलच्या बातमीचा निवाडा सरकारनेच कसा करायचा? पण रद्द झाला म्हणून काही सुटलं असंही नाही. इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, २०२३ च्या कायद्यात खोटं आहे हे माहीत असून इजा करायला संदेश पाठवणं गुन्हा आहे. मी व्हिडिओ पाठवला तेव्हा मला तो खराच वाटत होता. माझ्यासारख्याला कुठल्या कलमात बसवणार?

आम्ही परदेशातले लोक तर या कामात सगळ्यात पुढे. काळजी ढीगभर, आणि घाटावर जाऊन बघायची सोय नाही. पण नुसत्या मैलांचंही नाही ते. १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजारात, मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. ते समोरच उभे होते. त्यांना ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आमच्या ग्रुपमध्ये त्रेचाळीस माणसं आहेत, तो ग्रुप त्या पाचांतला एक धरला जातो.

आता आमच्याकडे पुराचा व्हिडिओ आला की पुढे जात नाही. आधी मामेभावाला विचारायचं. तो कुरकुरतो, गिऱ्हाईक सोडून जावं लागतं म्हणतो, पण जातो. गेल्या पावसाळ्यात मावशीने पाठवलेल्या व्हिडिओत मारुती गळ्यापर्यंत होता. वीस मिनिटांनी त्याचा फोटो आला. कोपऱ्यात चहाचा ग्लास धरलेला त्याचाच हात, मागे मारुती, आणि खाली लिहिलेलं: "गुडघा. तोही पुरता नाही."