स्वयंचलित उत्तर म्हणजे ‘लावा आणि विसरा’ नव्हे

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की एक सल्ला हमखास फिरू लागतो. ईमेलला स्वयंचलित उत्तर लावणं दोन मिनिटांचं काम आहे. कुणाचाही मेल आला तरी उत्तर गेलंच पाहिजे. उत्तरात तारखा, ठिकाण, मोबाइल नंबर सगळं द्या. ‘ऑटो रिप्लाय’ची सोय सापडली नाही तर फिल्टर (आलेल्या मेलवर आपोआप काही करणारा नियम) लावून टेम्प्लेट, म्हणजे तयार मजकूर, पाठवा. उत्तराला उत्तर असं मेलचं चक्र सुरू होईल ही भीती जुन्या काळातली, आता सर्व्हरच ते थांबवतात. आणि एकदा लावलं की विसरून जा.

यातलं दोन मिनिटांचं तेवढं खरं आहे. बाकीचं जसंच्या तसं पाळलं तर त्रास तुम्हाला होतोच, शिवाय ज्यांचा काही संबंध नाही अशा लोकांनाही होतो.

‘चक्र आता सर्व्हरच थांबवतात’

सर्व्हर थांबवतात ते चक्र वेगळं. एकच मेल दोन सर्व्हरांमध्ये फॉरवर्ड होत फिरत राहिला, तर प्रत्येक सर्व्हर त्याच्या माथ्यावर ‘रिसीव्ह्ड’ची एक ओळ चढवतो. या ओळी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्या की मेल नाकारला जातो. स्वयंचलित उत्तर मात्र दर वेळी कोरा, नवा मेल असतो आणि त्याच्या ओळींची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे चक्र त्या मोजणीत कधीच सापडत नाही.

असं समजा की तुमच्या फिल्टरने सगळ्यांना उत्तर जातंय आणि एखाद्या तक्रार नोंदणी यंत्रणेचा मेल आला: ‘तुमची तक्रार नोंदवली आहे, क्रमांक अमुक.’ फिल्टर त्याला उत्तर देतो. यंत्रणा ते उत्तर नवी तक्रार समजते, नवा क्रमांक काढते आणि पोच पाठवते. फिल्टर पुन्हा उत्तर देतो. दर ३० सेकंदांना एक मेल धरला, तरी १० तासांच्या रात्रीत १,२०० मेल होतात. उत्तराखाली मूळ मजकूर जोडला जात असेल तर प्रत्येक मेल आधीच्यापेक्षा जड. शेवटी कुणाचा तरी मेलबॉक्स भरतो किंवा रोजच्या मेलची मर्यादा ओलांडली म्हणून तुमचं खातं अडवलं जातं.

यावरचे नियम आहेत, पण ते उत्तर देणाऱ्या प्रोग्रामनेच पाळायचे आहेत. इंटरनेटचे तांत्रिक नियम सांगणाऱ्या ‘आरएफसी’ मालिकेतल्या २००४ च्या ३८३४ क्रमांकाच्या दस्तऐवजात ते दिलेले आहेत. आलेल्या मेलवर ‘ऑटो-सबमिटेड’ हे हेडर (मेलच्या माथ्यावरची तांत्रिक ओळ) असेल आणि त्यापुढे ‘नो’ सोडून दुसरं काहीही लिहिलेलं असेल, तर उत्तर द्यायचं नाही. आपल्या उत्तरावर ‘ऑटो-सबमिटेड: ऑटो-रिप्लाइड’ असं लिहायचं. उत्तर ‘फ्रॉम’मधल्या नव्हे, ‘रिटर्न-पाथ’मधल्या, म्हणजे न पोचलेल्या मेलचा निरोप जिथे जातो त्या पत्त्यावर पाठवायचं. तिथे नुसते रिकामे कोनी कंस दिसले तर गप्प बसायचं, कारण तो बहुधा ‘मेल पोचला नाही’ असं सांगणारा सर्व्हरचा निरोप असतो. आणि आपल्या उत्तराच्या लिफाफ्यावरचा, म्हणजे पाठवताना सर्व्हरला सांगितला जाणारा, प्रेषकही असाच रिकामा ठेवायचा, म्हणजे ते पोचलं नाही तर त्याचा निरोप उलट आपल्याकडे येत नाही. स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी ही शेवटची गोष्ट मुद्दाम तपासावी, ती फार सहज राहून जाते.

‘सोय नसेल तर फिल्टरने टेम्प्लेट पाठवा, एकच गोष्ट’

एकच गोष्ट नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. सुट्टीच्या उत्तरासाठी बनवलेल्या सोयीला स्मरण असतं: कुणाला उत्तर गेलं ते ती लक्षात ठेवते. जीमेलचा ‘व्हेकेशन रिस्पॉन्डर’ एका माणसाला साधारणपणे पहिल्या मेललाच उत्तर देतो आणि त्याने चार दिवसांनंतर पुन्हा लिहिलं तरच दुसरं पाठवतो. आउटलुकचं ‘ऑटोमॅटिक रिप्लाइज’ चालू असेपर्यंत प्रत्येक प्रेषकाला एकदाच उत्तर देतं. सर्व्हरवर ‘सीव्ह’ (मेलचे नियम लिहिण्याची भाषा) वापरत असाल तर त्यातल्या ‘व्हेकेशन’ आज्ञेची नेहमीची मुदत ७ दिवसांची आहे. चक्र सुरू झालंच तरी ते पहिल्या फेरीत मरतं, ते या स्मरणामुळे.

साध्या फिल्टरला अशा स्मरणाचा भरवसा नसतो. आउटलुकमधला ‘विशिष्ट टेम्प्लेटने उत्तर द्या’ हा नियम एका प्रेषकाला एकदाच उत्तर देतो खरा, पण फक्त आउटलुक चालू आहे तोवर. ते बंद करून पुन्हा उघडलं की यादी कोरी होते. आणि संगणकच बंद असेल तर उत्तर जातच नाही.

आणखी एक धोका. नियम सेव्ह करताना काही मेल प्रोग्राम विचारतात, ‘आधीच्या मेललाही लागू करायचा का?’ सवयीने ‘हो’ दाबलं की इनबॉक्समधल्या जुन्या मेलनाही उत्तरं सुटतात. तीन वर्षांपूर्वी लिहिलेल्या माणसालाही ‘सध्या रजेवर आहे’ पोचतं. सुटलेली उत्तरं परत घेता येत नाहीत.

‘कुणालाही उत्तर गेलंच पाहिजे’

स्पॅम पाठवणारे ‘फ्रॉम’मध्ये भलत्याच माणसाचा पत्ता घालतात. तुमचं उत्तर त्या निरपराध माणसाकडे जातं. अशी उत्तरं ढिगाने गेली तर तुमचाच सर्व्हर काळ्या यादीत जाऊ शकतो. म्हणून स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी क्रम पक्का ठेवावा: आधी स्पॅमची चाळणी, मगच स्वयंचलित उत्तर. जीमेल स्पॅमला आणि मेलिंग लिस्टच्या मेलला सुट्टीचं उत्तर देत नाही, हे बरोबरच आहे. लिस्टवर सुटलेलं एक उत्तर शेकडो लोकांच्या इनबॉक्समध्ये जाऊ शकतं.

चांगला प्रोग्राम आणखी एक पाहतो: ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये तुमचा पत्ता खरंच आहे का. नसेल तर तो गप्प राहतो. ‘माझ्या दुसऱ्या पत्त्यावर आलेल्या मेलना उत्तरच जात नाही’ या तक्रारीचं कारण अनेकदा हेच असतं. सीव्हमध्ये तो दुसरा पत्ता ‘ॲड्रेसेस’च्या यादीत घातला की काम होतं, तपासणी बंद करायची गरज नाही.

बाहेरच्या कुणाकडून महत्त्वाचे मेल येत नसतील तर जीमेलमध्ये ‘फक्त माझ्या काँटॅक्ट्समधल्यांना’ या चौकोनात खूण करा. आउटलुकमध्ये संस्थेच्या आतले आणि बाहेरचे अशी दोन वेगळी उत्तरं लिहिता येतात. ती खरोखर वेगळी लिहा.

‘भरपूर माहिती द्या’

‘मी १२ ते २५ तारखेपर्यंत कुटुंबासह परदेशात आहे. बिलांच्या मंजुरीसाठी आमच्या लेखा विभागातल्या अमुक यांना या मोबाइलवर गाठा.’ फसवणूक करणाऱ्याला लागतं ते सगळं या दोन वाक्यांत आहे: घर रिकामं कधी, पैसे कोण सोडतं, त्याचा नंबर काय आणि कुणाच्या नावाने त्याला ‘तातडीचं पेमेंट करा’ म्हणून लिहायचं. बाहेरच्यांसाठी एवढं पुरे: ‘तुमचा मेल मिळाला. २६ तारखेपासून उत्तर देऊ शकेन. तातडीचं असेल तर विभागाच्या सामाईक पत्त्यावर लिहा.’ त्या सामाईक पत्त्यावरही स्वयंचलित पोच लावलेली आहे का, ते आधी पाहून घ्या. आणि एक बारीक बाब: जीमेल तुमची सही या उत्तराखाली आपोआप जोडतं. मजकुरातून काढलेला मोबाइल नंबर सहीतून बाहेर जातो.

‘एकदा लावलं की विसरा’

शेवटची तारीख घाला. जीमेलमध्ये ती ऐच्छिक आहे, आणि आउटलुकमध्ये ‘फक्त या काळात पाठवा’ ही खूण केली नाही तर तुम्ही बंद करेपर्यंत उत्तरं जात राहतात. मधेच मजकुरात शब्द बदलायची हुक्की आली तर आवरा: जीमेलमध्ये बदल केला की आधी उत्तर मिळालेल्यांना, त्यांनी पुन्हा लिहिल्यावर, चार दिवस व्हायच्या आतच नवं उत्तर जाऊ शकतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी संस्थेबाहेरच्या एका खात्यावरून स्वतःला लागोपाठ दोन मेल पाठवा. उत्तर एकच यायला हवं. दोन आली तर तुम्ही फिल्टर लावलाय, तो काढा. एकही आलं नाही तर त्या खात्यातला स्पॅम फोल्डर पाहा. तिथेही नसेल तर बाहेर जाणारी स्वयंचलित उत्तरं प्रशासकाने बंद ठेवली असतील, त्याला विचारा. आलेल्या उत्तराचं मूळ स्वरूप उघडा आणि ‘ऑटो-सबमिटेड’ची ओळ आहे का ते डोळ्यांनी बघा.