उशिरा रुजू होण्याची रीत

परदेशातील एखाद्या शाळेने आपली शिक्षक म्हणून नेमणूक केल्याचे पत्र आले की त्यातील रुजू होण्याची तारीख सर्वप्रथम नीट वाचून घ्यावी, कारण त्या दिवशी आपण कुठे नसणार आहोत हे सांगणारा तो एकमेव अधिकृत कागद असतो. तारीख वाचून होताच हातातील नोकरीचा राजीनामा द्यावा. व्हिसा मिळेपर्यंत थांबा, असे काही भित्रे लोक सुचवतील. परंतु ज्याची जुनी नोकरी शाबूत आहे, त्याच्या खोळंब्याला काही वजन येत नाही.

यानंतर पदवीकडे वळावे. ती आपण अभ्यास करून मिळवली ही समजूत मनातच ठेवावी, कारण परक्या देशाच्या लेखी तो अद्याप एक जाड कागद आहे. अशा कागदांना परदेशी मान मिळावा म्हणून ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक करार झाला आणि त्यातून अपोस्टिल नावाचा दाखला जन्माला आला. हा दाखला चौरस असावा, त्याची बाजू निदान ९ सेंटीमीटर असावी, त्यात क्रमवार १० बाबी असाव्यात आणि त्याचे शीर्षक फ्रेंचमध्येच असावे, इतका बारीक विचार त्या करारात केलेला आहे. पदवीत काय लिहिले आहे, याविषयी मात्र हा दाखला चकार शब्द काढत नाही. सही खरी आहे, सही करणारा त्या अधिकारात सही करत होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे, एवढीच त्याची ग्वाही. आपल्याला गणित येते की नाही याची चौकशी या सबंध काळात एकही कार्यालय करणार नाही, तेव्हा विषयाच्या उजळणीत वेळ दवडू नये.

एका चौरसाने ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी या करारात नसलेला देश निवडावा. तिथे आधी नोटरी, त्यावर वरचे कार्यालय, त्यावर परराष्ट्र मंत्रालय आणि सर्वांत वर दूतावास अशी सह्यांची उतरंड रचावी लागते, आणि त्या उतरंडीतील प्रत्येक जण आपल्या आधीच्याची सही ओळखतो. आपल्याला कोणीही ओळखत नाही. ही सुखसोय आता दुर्मीळ होत चालली आहे. चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल लागू झाले, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या रसिकांनी त्वरा केलेली बरी.

तथापि उशिराची खरी कला मुदतीत आहे. पदवीला मरण नाही. पण पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल हे अल्पायुषी जीव आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी ते तीन ते सहा महिन्यांतच गतप्राण होतात. म्हणून हे दोन कागद सगळ्यांत आधी, मोठ्या उत्साहाने काढून ठेवावेत. पदवीवरचे सोपस्कार पूर्ण होईपर्यंत पोलिसांच्या दाखल्याची मुदत संपते. तो नव्याने काढेपर्यंत वैद्यकीय अहवाल शिळा होतो, आणि छातीचा नवा एक्स-रे घेऊन आपण खिडकीशी पोहोचतो तेव्हा पारपत्राची सहा महिन्यांहून कमी मुदत उरल्याचे खिडकीतील व्यक्ती शांतपणे निदर्शनास आणून देते. चारित्र्य दाखला जुना झाला, याचा अर्थ मधल्या काळात आपण एखादा गुन्हा उरकला असावा अशी शंका शासनास येते. वस्तुतः तो सारा काळ रांगेत गेल्यामुळे गुन्ह्यास सवडच नव्हती. पण रांगेत उभे असल्याचा दाखला अद्याप कोणतेही कार्यालय देत नाही.

फोटोही वारंवार काढावे लागतील. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पार्श्वभूमी फिकट, तोंड मिटलेले, चेहऱ्यावर कोणताही भाव नाही, ही सर्वसाधारण अपेक्षा. पहिल्या खेपेस ओठांच्या कोपऱ्यात नव्या नोकरीचे हसू सापडते आणि फोटो परत येतो. चौथ्या खेपेपर्यंत चेहरा नियमात आपोआप बसू लागतो.

निरोप समारंभ मात्र लवकर उरकावा, आणि तो भव्य असावा. लोकांनी पेन द्यावे, भाषणे करावीत, एखाद्या विद्यार्थिनीने रडावे. यानंतर तीन आठवड्यांनी तीच विद्यार्थिनी रस्त्यात भेटते आणि ‘सर, अजून इथेच?’ असे विचारते, तेव्हा तिने रडणे परत मागितल्यासारखे वाटते. उत्तरादाखल तारीख कधीही सांगू नये. ‘पुढच्या आठवड्यात’ एवढेच म्हणावे; हे विधान सहा महिने न बदलता वापरता येते. बॅग भरून दाराशी उभी ठेवावी. तिचे वजन पहिल्या दिवशी काट्यावर बरोबर २२.८ किलो भरते, कारण मर्यादा २३ ची असते. मग तिच्यातून दात घासायचा ब्रश बाहेर येतो, दोन दिवसांनी चार्जर, पुढे रोजचे कपडे, आणि शेवटी, ऋतू बदलल्यामुळे, तिकडच्या थंडीसाठी घेतलेला स्वेटर आपण इथेच घालून बसतो.

दरम्यान शाळेशी पत्रव्यवहार चालू ठेवावा आणि तो भाषेच्या शिक्षकाच्या नजरेने वाचावा. पहिल्या पत्रात शाळा आपली आतुरतेने वाट पाहत असते. दुसऱ्या पत्रात आपल्या वर्गाची ‘तात्पुरती व्यवस्था’ झालेली असते. तिसऱ्या पत्रात ‘तात्पुरती’ हे विशेषण गळालेले असते. खचून जाऊ नये. युरोपात बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरच्या सुमारास शाळा उघडतात, त्या हुकल्या तर ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस उघडतात, तिथेही जमले नाही तर जपानचे शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. पृथ्वीवर कुठे ना कुठे आपण नेहमी वेळेवरच असतो.

अखेर व्हिसा मिळतो आणि आपण विमानतळावर पोहोचतो, तर विमान उशिरा सुटणार असते. येथे प्रथमच आपल्या वेळेची कोणीतरी किंमत केलेली आढळते. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या नियमावलीने मोठ्या विलंबाच्या प्रसंगी विमान कंपनीवर प्रवाशाच्या खाण्यापिण्याची जबाबदारी टाकली, आणि तिचा न्यायालयाने लावलेला अर्थ असा की, कारण असाधारण नसेल, तर तीन तास उशिरा पोहोचवल्याबद्दल अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई द्यावी. ज्या खिडकीने आपले पाच महिने घेतले, तिने शुल्काची पावती दिली होती. ती जपून ठेवावी.

यथावकाश आपण शाळेत पोहोचतो. मुले आपल्याला बदली शिक्षक समजतात, आणि ज्या बदली शिक्षकाने अर्धे वर्ष त्यांना शिकवले त्याच्यासाठी निरोपाचे कार्ड रंगवत बसलेली असतात. त्यावर सही करण्याची विनंती झाल्यास करावी. मग हजेरी घ्यावी. तेवढ्यात एखादा मुलगा धापा टाकत दाराशी येईल. त्याला चार मिनिटे उशीर झालेला असेल आणि त्याच्या हातात आईची चिठ्ठी असेल. चिठ्ठीतला मजकूर वाचण्याची गरज नाही. सही खरी आहे का, ती करताना आई त्या पदावर होती का, आणि तिच्या खाली शिक्का का नाही, एवढे त्याला अवश्य विचारावे.