‘उन्हाळा काय आजच आलाय?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

मे महिना आला की एक मेसेज व्हॉट्सअॅपवर हमखास फिरतो. आशय असा: माध्यमं उगाच घाबरवतात. १९५६ सालीही पारा पन्नाशीपलीकडे गेला होता. पावसाची सरासरी होती तेवढीच आहे. आपले आजोबा भर उन्हात राबायचे, त्यांना काही झालं नाही. आणि नवतपा, म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तापला तरच पाऊस चांगला पडतो.

१९५६ ची गोष्ट खरी आहे. त्या वर्षी १० मे रोजी राजस्थानात अलवरला ५०.६ अंश तापमान होतं. १९ मे २०१६ ला फलोदीने ५१ अंश गाठून तो उच्चांक मोडला, हे मेसेजात नसतं. पण मला ही उच्चांकांची झुंजच फोल वाटते. २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ अंशांची नोंद झाली आणि एकच गहजब झाला. तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता, असं हवामान विभागाने नंतर सांगितलं. तेव्हा एका गावाची एक दुपार सोडा, अख्ख्या देशाचं वर्ष पाहा. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारताचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. २०२२ साली तर मार्चच इतका तापला की उत्तरेत गव्हाचा दाणा भरण्याआधीच सुकला, आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली.

आता सरासरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. या दोन्हींची सरासरी काढून कुर्ल्यात बुडालेल्या माणसाला काय सांगणार? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात मोसमाचा एकूण पाऊस घटला, पण विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मुंबईतल्या मिठी नदीचा गळा भराव आणि बांधकामांनी आपणच आवळला हेही खरंच. पण म्हणून आकाशातून पडणारं पाणी बदललं नाही, असं होत नाही.

आजोबांचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. आजोबा तांबडं फुटायच्या आत शेतात असायचे आणि उन्हं चढली की झाडाखाली आडवे व्हायचे. स्लॅब भरणाऱ्या मजुराला किंवा जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या पोराला ती मुभा कुठे आहे? शिवाय ‘काही झालं नाही’ हे ठरवलं कोणी? उन्हाने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर बहुतेकदा हृदयविकार लिहिला जातो. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हाचे मृत्यू आगेमागच्या वर्षांतल्या मे महिन्याशी ताडून पाहिले गेले. ते १,३४४ ने जास्त निघाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. पारा पंचेचाळिशीला जावा लागतो असंही नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्याला आलेली १४ माणसं दगावली, तेव्हा परिसरातलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. किनाऱ्यावर ३७ अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, तो यामुळेच.

राहिला नवतपा. वायव्य भारतात जमीन तापते, तिथे हवेचा दाब कमी होतो आणि मोसमी वाऱ्यांना ओढ मिळते. एवढा धागा खरा आहे. पण पाऊस किती पडणार, हे त्या नऊ दिवसांवर ठरत नाही. मे २०१५ च्या अखेरीस आंध्र आणि तेलंगणात उन्हाने दोन हजारांहून अधिक बळी घेतले. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो जोरात होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं; अशा वर्षी आपल्याकडे पाऊस बऱ्याचदा घटतो. देशात सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला, मराठवाड्यात सलग दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. उलट २०२५ मध्ये नवतपा लागून दुसराच दिवस होता, तोच २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्या वर्षी देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस पडला.