अर्जुनाची साल गोल सोलू नका

रविवारी मोहोळकडच्या मामांनी मोठ्या कौतुकानं एक फॉरवर्ड दाखवला, सोबत अर्जुनाच्या सालीची भरलेली पिशवी. मेसेज म्हणतो: साल कितीही काढा, पुन्हा येते, झाड उलट जोमानं वाढतं. साल पूर्वेकडचीच घ्यावी. काढ्यानं ब्लॉकेज निघतात, गोळ्या बंद करा. झाड नदीकाठी आपोआप उगवतं, संपायची चिंता नको. मामांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

बांधावरचं झाड वाळवायचं असलं की आपल्याकडे काय करतात? बुंध्याची साल हातभर गोल सोलतात. तेच केल्यावर अर्जुन जोमानं कसा वाढेल? पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. तो थर चहूबाजूंनी तुटला की मुळं उपाशी मरतात. पाणी मात्र लाकडातून वर चढत राहतं, म्हणून झाड काही महिने हिरवं दिसतं आणि साल नेणाऱ्याला वाटतं, काही झालं नाही. मामांनी साल आणली तो ओढ्याकाठचा अर्जुन मी जाऊन पाहिला. कमरेपासून हात पोचेल तिथवर सोललेला, कोयत्याचे घाव थेट लाकडात, शेंड्याची पानं पिवळी. बुंधा एवढा की माझ्या मिठीत मावला नाही.

अर्जुन बाहेरची साल पापुद्र्यांनी स्वतःच टाकतो आणि काढलेली भरूनही काढतो, एवढं खरं. पण त्याला रीत आहे. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी ती तपासली आहे: बाहेरची आणि मधली साल घ्यायची, आतली ठेवायची, तीही समोरासमोरच्या पट्ट्यांतूनच. मेसेजात यातलं अक्षर नाही.

पूर्वेच्या सालीवर वेळ घालवत नाही.

आयुर्वेदात अर्जुन हृदयासाठी सांगितलाय, मान्य. १९९५ साली इंदूरच्या डॉक्टरांचा अभ्यासही छापून आला, पण तो १२ रुग्णांचा, हृदय कमजोर झालेल्यांचा, आणि नेहमीची औषधं चालू ठेवून केलेला. ब्लॉकेज निघाल्याचं त्यात काही नाही. मामा, एकही गोळी चुकवू नका.

आणि आपोआप उगवण्याचं म्हणाल, तर पाच पंखांची ती फळं पाण्यासोबत वाहत जातात, ओल्या काठावर रुजतात. आपल्याकडे पाऊस आधीच कमी, काठ वाळूसाठी खरवडलेले, उगवलेलं रोप शेळ्या ठेवत नाहीत. त्यात फळं धरणारी जुनी झाडंच सोलून वाळवली, तर ओढ्याला वाहून न्यायला बी उरत नाही.