भांडं आपलं, नाव दुसऱ्याचं

दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकते, म्हणजे झोप लागेल.

आज बाबांसाठी वेबसाइट करायला बसले होते. आमचं घर तांबट आळीतलं, हे तुम्हाला माहीत आहेच. बाबा अजून रोज सकाळी हातोडी घेऊन बसतात. पूर्वी बंब आणि घंगाळं असायची, आता जास्त करून तांब्या-भांडी आणि पाण्याच्या बाटल्या. फोनवर विचारणारी गिऱ्हाइकं वाढलीत आणि प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तीस-चाळीस फोटो पाठवावे लागतात. साइट बनवायची सोय देणाऱ्या एका कंपनीच्या पानावर 'नवशिक्यांसाठी, पूर्ण फुकट' असं वाचलं आणि बसले.

फोटो उचलून हवे तिथे टाकणं सोपं होतं, हे मान्य करते. कोडची एक ओळ लिहावी लागली नाही. पण मथळ्यात 'मठारकाम' (भांडं हातोडीने ठोकून घडवायचं आमचं काम) लिहिलं आणि अक्षरं फुटली. शिरोरेखा तुटून म, ठा, र वेगवेगळे उभे! इंग्रजी अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून मधे जागा सोडलेली असते, तीच जशीच्या तशी आपल्या लिपीला लावलेली. कंपनीचा तयार नमुना (टेम्प्लेट) ज्या फाँटमध्ये सजवला होता, त्यात देवनागरी नव्हतीच. संगणकावर सगळ्या लिपी लिहिता याव्यात म्हणून केलेलं युनिकोड हे प्रमाण, त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे हो! अजून किती वर्षं थांबायचं आपण? शेवटी सेटिंग धुंडाळून ती जागा शून्य केली, 'मुक्ता' फाँट लावला, तेव्हा कुठे शब्द जोडला गेला.

तीन तासांनी साइट सुरू झाली. बाबांना फोन दिला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं घंगाळाचा फोटो आवडला. ते म्हणाले, "हे वर कुणाचं नाव गं?"

वर त्या कंपनीची पट्टी होती, तुम्हीही फुकट साइट बनवा म्हणणारी. पत्त्यातही कंपनीचंच नाव. मी समजावलं, फुकट आहे ना, म्हणून. बाबा म्हणाले, "म्हणजे भांडं आपलं आणि नाव त्यांचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते काही हौस म्हणून नाही. कार्याला चार घरची पातेली एकत्र येतात, पंगती उठल्यावर ज्याचं त्याच्या घरी जायला हवं. आईच्या लग्नातल्या पातेल्यावर तिचं नाव आणि तारीख अजून बोटाला लागते. आजोबांनी स्वतः ठोकलेली अक्षरं आहेत ती. आणि बाबांच्या दुकानावर परक्याची पट्टी!

ती काढायची तर दरमहा पैसे. स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, जोडायचं तरी तेच. आणि उद्या कंटाळून निघावं म्हटलं, तर तिथे मांडलेली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून मांडा. बिऱ्हाड आपलं, पण भांडी घरमालकाची. मालकाने दुकान बंद केलं तर? जिओसिटीज ही अशीच फुकट पानं देणारी सेवा १९९४ ला सुरू झाली, लाखो लोकांनी तिथे पानं केली आणि २००९ मध्ये याहूने ती बंद केली. गुगलने दुकानदारांना दिलेल्या फुकट साइट्स मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. याच वेबचं तंत्र सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ ला सगळ्या जगाला विनामोबदला वापरायला दिलं होतं. त्यांनी नाही लावली पट्टी कुणाच्या दारावर.

बरं, सर्व्हरला वीज लागते, माणसांना पगार लागतात, कळतं मला. सगळे सारखेही नाहीत. 'गुगल साइट्स' या गुगलच्या दुसऱ्या सेवेवर स्वतःचं डोमेन फुकट जोडता येतं, वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनातून मजकूर बाहेर काढता येतो. ज्याला नुसती एक पत्रिका टाकायची आहे त्याला हे फुकटचं पुरेल. पण 'पूर्ण फुकट' म्हणताना ती पट्टी आधी दाखवा ना. माणूस तीन तास घालवतो, फोटो लावतो, आपल्या म्हाताऱ्या बापाला कौतुकाने दाखवतो, आणि मग कळतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. बाबा मघाशी येऊन बसले शेजारी. मठारताना एकेक ठोका जवळजवळ का पडावा लागतो, ते सांगत होते. नुसती चमक येत नाही त्याने, पत्रा कडक होतो, भांडं चेपत नाही. हे साइटवर लिहायचं राहिलं होतं, ते आता लिहून ठेवलंय माझ्याकडे, वहीत.

डोमेन घेणार आहे. '.भारत' मध्ये मराठीतच पत्ता मिळतो, तो कुणी वापरला असेल तर इथे सांगा, गिऱ्हाइकांना टाइप करायला जमतो का? नाव काय ठेवू म्हणून बाबांना विचारलं. माझं नको, म्हणाले, आजोबांचं ठेव.